'वॉन्ट' : उणीव, इच्छा आणि दावा

१

एखाद्या समाजाचा नैतिक इतिहास त्याच्या नीतिशास्त्रीय ग्रंथांत जेवढा नोंदला जातो, तेवढाच तो त्याच्या भाषेतील अगदी साध्या क्रियापदांतही नोंदला जातो. ग्रंथातील विचार लिहिणाऱ्याच्या जाणिवेतून गाळून आलेला असतो. क्रियापदाच्या अर्थात होणारा बदल मात्र कोणाच्याही संमतीवाचून आणि बहुधा कोणाच्याही लक्षात न येता घडत असतो. विल्यम एम्प्सन यांनी 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स' (१९५१) या ग्रंथात असे दाखविले की, एका शब्दात एकाच वेळी नांदणारे अर्थ केवळ शेजारी राहत नाहीत; ते परस्परांविषयी मूक विधाने करतात आणि बोलणारा ती विधाने नकळत स्वीकारतो. रेमंड विल्यम्स यांनी 'कीवर्ड्‌स' (१९७६) मध्ये अशा शब्दांचा सामाजिक इतिहास मांडला. उपभोक्ता, संपत्ती, कल्याण यांचे वाचक इंग्रजी शब्द त्यांच्या संग्रहात आहेत. परंतु या तिन्हींच्या मुळाशी असलेला एक लहानसा शब्द त्यात नाही. तो शब्द म्हणजे 'वॉन्ट'.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला हा शब्द पहिल्या काही दिवसांतच भेटतो आणि 'हवे असणे' या अर्थाने कायमचा पाठ होतो. वस्तुतः या शब्दाचे मूळ कार्य इच्छा सांगणे हे नव्हते, नसणे सांगणे हे होते. सुमारे १२०० पासून तो इंग्रजीत आढळतो आणि त्यानंतर जवळजवळ पाच शतके 'उणे असणे', 'कमी पडणे', 'वाचून असणे' हेच त्याचे क्षेत्र होते. इच्छेचा अर्थ स्पष्टपणे नोंदला जातो तो अठराव्या शतकाच्या प्रारंभी. नामरूपातील जुना अर्थ आजही पूर्णपणे लोपलेला नाही. पण क्रियापदाच्या रोजच्या वापरात तो आता अवशेषासारखाच उरला आहे.

हा बदल केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नाही. माणसाजवळ जे नाही आणि माणसाला जे हवे आहे, या दोहोंचा संबंध कोणता? आणि या दोहोंपैकी कशामुळे दुसऱ्या माणसावर काही बंधन येते? हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. 'वॉन्ट' या शब्दाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देत नाही. परंतु तो प्रश्न कसा झाकला गेला, हे मात्र दाखवितो.

२

'वॉन्ट' हा शब्द मूळचा इंग्रजीचा नव्हे. इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून तो आला. प्राचीन नॉर्समध्ये 'वान्टा' म्हणजे उणे असणे. याच धातुकुलातून इंग्रजीला चंद्राच्या क्षीण होण्याचे क्रियापद 'वेन' मिळाले. लॅटिनमध्ये 'वानुस' म्हणजे पोकळ, व्यर्थ, आणि 'वाकुउस' म्हणजे रिकामे, हे शब्द झाले. आणि संस्कृतात याच कुलाने 'ऊन' हा शब्द दिला. मराठीतील 'उणे', 'उणा', 'उणीव' हे शब्द या 'ऊन'चेच वंशज होत. इंग्रजीतील 'वॉन्ट' आणि मराठीतील 'उणीव' हे दूरचे का होईना, पण सख्ख्या कुळातील आप्त आहेत.

या कुळाचा मूळ स्वभाव अंकवाचक शब्दांत विशेष स्पष्ट दिसतो. 'एकोणीस' म्हणजे एकाने उणे वीस, 'एकोनविंशति'. येथे उणीव कोणाला वाटत नाही. ती केवळ असते. वीस ही पूर्णता गृहीत धरली की एकोणिसात एक कमी आहे, हे मोजून दाखविता येते. इंग्रजीत दहा वाजायला पाच मिनिटे कमी असली, तर 'इट वॉन्ट्‌स फाइव्ह मिनिट्‌स टू टेन' असे म्हणण्याची पद्धत होती. घड्याळाला कसलीच इच्छा नसते. तेथे 'वॉन्ट' हे मोजमाप आहे, मनोवस्था नव्हे.

व्याकरणातही हेच दिसते. प्राचीन नॉर्समधील हे क्रियापद अकर्तृक वळणाचे होते. आजच्या आइसलँडिक भाषेतही उणीव सांगताना माणूस कर्त्याच्या विभक्तीत येत नाही, कर्माच्या विभक्तीत येतो. जणू उणीव त्याच्यावर येऊन पडते. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटू नये. मराठीतही 'मला पाणी पाहिजे' असे म्हटले जाते. 'पाहिजे' हे 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणि रूप. जे पाहिले जाते, ज्याची वाट पाहिली जाते, ते पाहिजे. त्यात इच्छा, गरज आणि कर्तव्य असे तिन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. इंग्रजीने मात्र अकर्तृक वळण सोडून माणसाला कर्त्याच्या जागी बसविले. ज्याच्यावर उणीव येऊन पडत होती, तोच आता क्रियेचा धनी झाला. अर्थबदलाची पूर्वतयारी अशी व्याकरणाने आधीच करून ठेवली होती.

३

उणीव म्हणजे केवळ अभाव नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. न्याय-वैशेषिक परंपरेने अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले आणि त्याची चिकित्सा केली. जमिनीवर घडा नाही, या ज्ञानात घडा हा अभावाचा प्रतियोगी आणि जमीन हे त्याचे अधिकरण. अभाव हा नेहमी कशाचा तरी आणि कोठे तरी असतो. पण जमिनीवर घडा नसणे ही जमिनीची उणीव नव्हे. उणीव म्हणण्यासाठी आणखी एक घटक लागतो : ते तेथे असायला हवे होते, ही अपेक्षा. ॲरिस्टॉटलने हाच भेद वेगळ्या मार्गाने मांडला. दगडाला दिसत नाही म्हणून कोणी त्याला आंधळा म्हणत नाही; ज्याला स्वभावतः दृष्टी असावी त्याला ती नसेल, तरच ते वैगुण्य होय. उणीव म्हणजे अभाव अधिक अपेक्षा, असे सूत्ररूपाने म्हणता येईल.

असे म्हटले की खरा प्रश्न उघडा पडतो. अभाव पाहून सांगता येतो. अपेक्षा मात्र कोणीतरी ठरवावी लागते. ती निसर्ग ठरवितो, ईश्वर ठरवितो, समाज ठरवितो, की ज्याला उणे आहे तो स्वतः ठरवितो? 'वॉन्ट'चा इतिहास हा मूलतः अपेक्षा ठरविण्याच्या या अधिकाराच्या हस्तांतराचा इतिहास आहे.

जुन्या अर्थाची दोन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. १६११ च्या अधिकृत इंग्रजी बायबलातील तेविसाव्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत हे क्रियापद येते. परमेश्वर मेंढपाळ असल्यामुळे भक्ताला काही कमी पडणार नाही, असा तेथील आशय. मराठी बायबलात या ठिकाणी 'उणे' हाच शब्द योजिला गेला, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. भाषांतरकाराने मूळ शब्दाचा दूरचा आप्तच नेमका शोधून काढला. आजच्या इंग्रजी मुलाला मात्र ती ओळ बुचकळ्यात टाकते. मेंढपाळ आहे, पण तो आपल्याला नको आहे, असा विपरीत अर्थ त्याला ऐकू येतो. चार शतकांत शब्द तोच राहिला आणि त्याखालची जमीन सरकली.

दुसरे उदाहरण 'किंग लियर' मधील. डोळे काढले गेलेला ग्लॉस्टर वाट चुकेल, अशी चिंता त्याच्या म्हाताऱ्या सोबत्याला वाटते. त्यावर ग्लॉस्टर म्हणतो की, त्याला वाटच उरलेली नाही, म्हणून डोळ्यांचीही उणीव नाही. येथे शेक्सपिअरने 'वॉन्ट' वापरला आहे. डोळे नाहीत, हा अभाव प्रेक्षकांसमोर रक्तबंबाळ उभा आहे. तरी ग्लॉस्टर उणीव नाकारतो, कारण ज्या जाण्यासाठी डोळे हवेत ते जाणेच संपले आहे. अभाव कायम आहे, अपेक्षा मेली आहे. माणसाचे सर्वस्व हिरावले गेल्यावर त्याची उणीवही हिरावली जाऊ शकते, हे या एका उत्तरात जेवढ्या तीव्रतेने येते, तेवढे ते अनेक ग्रंथांत येत नाही.

४

अपेक्षेचे स्थान बाहेरून आत कसे गेले, हे पाहण्यासाठी सतराव्या शतकाच्या अखेरच्या लंडनकडे वळावे लागते. निकोलस बार्बन हा शिक्षणाने वैद्य, व्यवसायाने इमारती बांधणारा, १६६६ च्या भीषण आगीनंतर घरांच्या आगविम्याचा धंदा सुरू करणाऱ्या आद्य व्यक्तींपैकी एक. १६९० मध्ये त्याने व्यापारावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने माणसाच्या 'वॉन्ट'चे दोन प्रकार केले : शरीराच्या उणिवा आणि मनाच्या उणिवा. शरीराच्या उणिवा मोजक्या, मनाच्या अनंत. इच्छा हीच उणिवेची खूण आहे आणि शरीराला जशी भूक स्वाभाविक तशी मनाला इच्छा स्वाभाविक, असे त्याचे प्रतिपादन. जुने कपडे झिजण्यापूर्वीच नवे घ्यायला लावणारी फॅशन त्याला म्हणूनच व्यापाराचा प्राण वाटली. पुढे कार्ल मार्क्सने 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडाच्या (१८६७) आरंभीच्या तळटिपांत बार्बनचे हेच वाक्य उद्धृत केले, ते उगाच नव्हे.

बार्बनच्या विधानातील युक्ती सूक्ष्म आहे. तो इच्छेला इच्छा म्हणत नाही; तो तिला उणिवेचा दर्जा देतो. धर्मोपदेशकांनी ज्याला लोभ किंवा चैन म्हटले असते, ते आता मनाची भूक ठरते; आणि भुकेला दोष कोण देणार? अठराव्या शतकाच्या प्रारंभी क्रियापदाला इच्छेचा अर्थ रूढपणे चिकटू लागला, त्यामागे एकट्या बार्बनचे पुस्तक होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पण ज्या बाजारी समाजात हा अर्थ सहज वाटू लागला, त्याचे तर्कशास्त्र बार्बनने आधीच लिहून ठेवले होते, एवढे निश्चित म्हणता येते.

ॲडम स्मिथने 'द वेल्थ ऑफ नेशन्स' (१७७६) मध्ये या तर्काची पुढील पायरी गाठली. एखाद्या अत्यंत गरीब माणसालाही सहा घोड्यांची बग्गी आवडेल. एका अर्थी ती त्याची मागणीच होय. पण ती परिणामकारक मागणी नव्हे, कारण त्या मागणीपायी ती वस्तू कधीही बाजारात आणली जाणार नाही. उदाहरण चैनीच्या वस्तूचे असल्याने वाचक सहज मान डोलावतो. तोच नियम भाकरीलाही तंतोतंत लागू होतो, हे मात्र उदाहरणाच्या निवडीमुळे नजरेआड होते. अशा रीतीने एका बाजूला श्रीमंताची इच्छा उणिवेच्या प्रतिष्ठेला पोचली; दुसऱ्या बाजूला गरिबाची उणीव केवळ इच्छेच्या पातळीवर उतरली. हे दोन्ही प्रवास एकाच शब्दाच्या पोटात घडले.

जुना अर्थ याच काळात एकदा मोठ्या अधिकाराने बोलला. एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना शासन हे मानवी उणिवा भरून काढण्याचे साधन आहे असे म्हटले, आणि त्या उणिवांत स्वतःच्या वासनांवरील पुरेशा नियंत्रणाच्या उणिवेचाही समावेश केला. नव्या अर्थाने वाचले तर हे वाक्य विसंगत होते. आपल्या वासना रोखल्या जाव्यात अशी इच्छा जमाव करीत नाही. बर्कचा मुद्दा नेमका हाच आहे. माणसाला जे उणे असते ते त्याला हवेसे वाटतेच असे नाही. मात्र मग ते कोणी ठरवायचे, या प्रश्नाचे बर्कचे उत्तर राज्यकर्त्या वर्गाच्या शहाणपणाकडे बोट दाखविते. जुन्या अर्थातील सत्य आणि त्यातील धोका, दोन्ही या एका वाक्यात एकत्र आले आहेत.

५

या संघर्षाचा सर्वांत ओळखीचा प्रसंग तत्त्वज्ञानात नव्हे, कादंबरीत घडला. १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. आश्रयगृहातील जिणे हे बाहेरच्या सर्वांत गरीब कष्टकऱ्याच्या जिण्याहूनही नकोसे असावे, हे त्याचे सूत्र. १८३७ पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' मध्ये डिकन्सने अशाच एका आश्रयगृहातील जेवणघर रंगविले. मुले उपाशी आहेत. चिठ्ठी टाकली जाते. ऑलिव्हर आपले भांडे घेऊन व्यवस्थापकापुढे जातो आणि आणखी मागतो. डिकन्सने त्याच्या तोंडी जे क्रियापद घातले ते 'वॉन्ट'.

या क्रियापदात तेथे दोन वाक्ये एकदम उच्चारली जातात. वाचकाला ऐकू येते ते असे : या मुलाला अन्न कमी पडते आहे. संचालक मंडळाला ऐकू येते ते असे : या मुलाला आणखी हवे आहे. मंडळाला बातमी कळते तेव्हा विचारला जाणारा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. ठरलेल्या आहारपत्रकानुसार जेवण झाल्यावर त्याने हे मागितले काय, अशी खात्री करून घेतली जाते. आहारपत्रक म्हणजे अपेक्षेचा अधिकृत आकडा. त्यानुसार उणीव भरून निघाली आहे. तेव्हा जे उरले ती निव्वळ इच्छा, आणि गरिबाची इच्छा म्हणजे उद्धटपणा. हा मुलगा एक दिवस फासावर जाईल, हे भाकीत त्यातूनच येते.

ऑलिव्हरने केलेली कृती यामुळे अधिक नीट समजते. तो दया मागत नाही आणि चोरीही करीत नाही. तो आपली उणीव स्वतःच्या तोंडाने सांगतो. तोपर्यंत त्या जेवणघरात मुलांची भूक होती, ती पत्रकात मोजलीही गेली होती. पण भुकेलेला बोलत नव्हता. डिकन्सच्याच 'अ ख्रिसमस कॅरॉल' (१८४३) मध्ये अज्ञान आणि 'वॉन्ट' ही दोन मुले भुताच्या झग्याखालून बाहेर येतात : अज्ञान हा मुलगा, 'वॉन्ट' ही मुलगी. तेथे 'वॉन्ट' पूर्णतः जुन्या अर्थाची आहे, विपन्नता, दैन्य. ती भयंकर दिसते, पण काही बोलत नाही. ऑलिव्हर आणि ही मूक मुलगी यांच्यात केवळ सहा वर्षांचे अंतर आहे. पण शब्दाचे दोन अर्थ त्यांच्यात वाटले गेलेले दिसतात.

६

पुढील शतकात दोन्ही अर्थांनी आपापली संस्थात्मक घरे उभारली. आल्फ्रेड मार्शल यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' (१८९०) या ग्रंथाचा तिसरा भागच 'वॉन्ट्‌स' आणि त्यांची तृप्ती या विषयाला वाहिलेला आहे. तेथून हा शब्द पाठ्यपुस्तकांत गेला आणि 'ह्यूमन वॉन्ट्‌स आर अनलिमिटेड' हे अर्थशास्त्राचे जणू पहिले सूत्र बनले. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्याचे 'मानवी गरजा अमर्याद असतात' असे रूपांतर केले. या रूपांतराकडे थांबून पाहिले पाहिजे. 'गरज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. अरबीत त्याचा अर्थ लक्ष्य, हेतू असा, आणि 'खुदगर्ज' या शब्दात तो स्वार्थाचा अर्थ अजून शिल्लक आहे. मराठीत मात्र तो आवश्यकतेचा वाचक झाला. 'वॉन्ट' उणिवेकडून इच्छेकडे गेला. 'गरज' हेतूकडून आवश्यकतेकडे आली. पाठ्यपुस्तकातील त्या एका वाक्यात हे दोन विरुद्ध दिशांचे प्रवासी एकमेकांना ओलांडून गेले. परिणामी मराठी विद्यार्थी जे वाक्य पाठ करतो ते मूळ वाक्यापेक्षाही अधिक खोटे आहे. इच्छा अमर्याद असतात, हे मानता येईल. गरजा अमर्याद असतात, हे मानले तर भुकेल्याची गरज आणि चौथ्या मोटारीची गरज यांत फरक करायला भाषाच उरत नाही.

दुसरे घर राज्यसंस्थेत उभे राहिले. ६ जानेवारी १९४१ रोजी रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्ये उद्घोषित केली. त्यांतील एक 'वॉन्ट'पासून स्वातंत्र्य हे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक सनदेत त्याचा पुनरुच्चार झाला. डिसेंबर १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांनी आपल्या अहवालात ब्रिटिश समाजाच्या वाटेतील पाच राक्षसांची नावे घेतली. त्यांतही 'वॉन्ट' होताच. इच्छेपासून मुक्ती असा याचा अर्थ कोणीही केला नाही. राजकारणाच्या भाषेत जुना अर्थ अजून जिवंत होता आणि तो जनतेला कळत होता.

पण त्या भाषेलाही मर्यादा होत्या. अटलांटिक सनदेतील स्वयंनिर्णयाचे तत्त्व हिंदुस्थानला लागू होत नाही, हे चर्चिल यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये पार्लमेंटात स्पष्ट केले. बेव्हरिज अहवालाला वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने व तिच्यामागून आलेल्या रोगराईने मरत होती. अमर्त्य सेन यांनी 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' (१९८१) मध्ये मांडले की, १९४३ मधील बंगालमध्ये अन्नाचा पुरवठा १९४१ पेक्षा कमी नव्हता. खेड्यांतील भूमिहीन मजूर, मासेमार, कारागीर यांची अन्न मिळविण्याची हक्कदारी कोसळली होती. या मांडणीवर पुढे वाद झाले. तथापि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तिचा अर्थ स्पष्ट आहे : त्या माणसांची उणीव पराकोटीची होती आणि त्यांची मागणी, स्मिथच्या परिभाषेत, परिणामकारक नव्हती. शिवाय 'राक्षस' या रूपकातही एक अडचण आहे. राक्षस कोठून तरी येतो. त्याला कोणी जन्म दिला हे विचारले जात नाही. मराठीतील 'वंचित' हा शब्द या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. 'वञ्च्' म्हणजे फसविणे. वंचित म्हणजे ज्याला फसवून दूर ठेवले गेले तो. त्या शब्दात उणिवेबरोबर ती घडविणाऱ्याचीही आठवण आहे.

महायुद्धानंतरच्या सुबत्तेत पारडे पुन्हा इच्छेकडे झुकले. जे. के. गॅलब्रेथ यांनी 'द ॲफ्लुएंट सोसायटी' (१९५८) मध्ये दाखविले की, ज्या उत्पादनयंत्रणेने 'वॉन्ट्‌स' पुरवायच्या, तीच जाहिरातींद्वारे त्या निर्माण करते. बार्बनने ज्यांना मनाची स्वाभाविक भूक म्हटले होते, त्यांतील पुष्कळशी भूक वाढणाऱ्यानेच जागविलेली असते.

७

एवढ्यावरून असा निष्कर्ष काढावासा वाटेल की, जुना अर्थ नैतिक होता आणि नवा अर्थ हा ऱ्हास आहे. हा निष्कर्ष सोपा आहे आणि चुकीचाही. 'वॉन्टिंग' या विशेषणाचा इतिहास त्याच्या आड येतो. बायबलातील दानिएलाच्या कथेत बेलशस्सर राजाला तराजूत तोलले जाते आणि तो उणा ठरतो. १६११ च्या इंग्रजीत तेथे हाच शब्द आहे. तेथे तोलणारा ईश्वर होता. पुढे तराजू माणसांच्या हाती आला. बुद्धीने मंद ठरविलेल्या व्यक्तीला 'वॉन्टिंग' म्हणण्याची रीत इंग्रजीत पडली; १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये मानसिक न्यूनतेविषयीचा कायदा होऊन अशा माणसांना संस्थांत डांबून ठेवण्याचा अधिकार शासनाला मिळाला, आणि तो १९५९ पर्यंत टिकला. उणीव ही पाहून सांगता येणारी वस्तुस्थिती आहे, हे एकदा मान्य केले की पाहणाऱ्याच्या हाती सत्ता येते. स्त्रिया, वसाहतींतील प्रजा, अपंग, निरक्षर या सर्वांना काय कमी आहे हे इतरांनी ठरविले. आणि त्यांना काय हवे आहे हे विचारण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही.

फ्रॉइडच्या एका प्रसिद्ध प्रश्नात ही कोंडी उघड होते. स्त्रीला काय हवे असते, याचे उत्तर आपल्याला तीस वर्षांच्या संशोधनानंतरही मिळाले नाही, असे त्याने मारी बोनापार्त हिला सांगितल्याचे अर्नेस्ट जोन्स यांनी १९५५ मध्ये नोंदविले. जर्मन प्रश्नात केवळ इच्छा आहे. इंग्रजीत 'वॉन्ट' येताच त्यात एक दुसरा प्रश्न मिसळतो : स्त्रीला काय कमी आहे? आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर फ्रॉइडच्या सिद्धान्ताने आधीच देऊन ठेवले होते. जिची व्याख्याच उणिवेने केली, तिची इच्छा ऐकू न येणे हे मग आश्चर्याचे राहत नाही.

झाक लाकां यांनी उणीव हीच माणसाची सार्वत्रिक अवस्था मानली. त्यांच्या 'असण्यातील उणीव' या अर्थाच्या फ्रेंच संज्ञेसाठी त्यांनी स्वतःच 'वॉन्ट-टु-बी' हा इंग्रजी पर्याय सुचविल्याचे अनुवादक ॲलन शेरिडन सांगतात. त्यात इंग्रजी शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र पकडले गेले आहेत. हा विचार तसा जुना आहे. प्लेटोच्या 'सिम्पोझियम' मध्ये इरॉस हा पेनिया, म्हणजे दैन्य, हिच्या पोटी जन्मलेला आहे. याउलट डेल्यूझ आणि गुआत्तारी यांनी १९७२ मध्ये इच्छेला उणिवेशी जोडण्यासच आक्षेप घेतला. इच्छा ही निर्मितिशील शक्ती आहे आणि उणीव ही समाजव्यवस्थेने तिच्यात पेरलेली असते, असे त्यांचे म्हणणे. या वादात दोन्ही पक्षांकडून एक गोष्ट निसटते. सर्वच माणसे मुळातून उणी आहेत असे म्हटले, तर आश्रयगृहातील भुकेची विशिष्टता हरवते. आणि उणीव ही केवळ पेरलेली असते असे म्हटले, तर त्या भुकेचे सत्यच हरवते.

डेव्हिड विगिन्स यांनी १९८५ मधील गरजांच्या दाव्यांविषयीच्या निबंधात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. इच्छा ही माणसाच्या समजुतीवर अवलंबून असते. गरज ही जगाच्या स्थितीवर. तहानलेल्याला समोरचे विषमिश्रित पाणी हवे असू शकते. त्याची गरज त्या पाण्याची नसते. या भेदाने तर्कदृष्ट्या बरेच काही स्वच्छ होते. तरीही नैतिक व्यवहारात तो पुरेसा पडत नाही, कारण जगाची स्थिती कोण वाचणार, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

८

'वॉन्ट' या शब्दाच्या आठ शतकांच्या प्रवासातून जे हाती लागते ते असे. केवळ इतरांनीच सांगायची उणीव ही सत्तेचे साधन होते. आहारपत्रक आणि १९१३ चा कायदा ही त्याची उदाहरणे. केवळ स्वतःच ग्वाही द्यायची इच्छा दुसऱ्यावर कोणतेच बंधन घालीत नाही; ती बाजारात पैशाच्या भाषेत बोलू शकली तर ऐकली जाते, नाहीतर नाही. उणिवेमुळे दाव्याला वजन येते, कारण ती इतरांनाही दिसू शकते आणि तपासता येते. इच्छेमुळे दाव्याला दावेदार मिळतो, कारण ती सांगणारा माणूस वस्तू राहत नाही, बोलणारा होतो. या दोहोंपैकी एक काढून घेतले की दावा भीक तरी होतो किंवा पसंती तरी.

इंग्रजी भाषेत काही काळ हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात जवळजवळ समान बळाने नांदत होते. त्या काळात एका भुकेल्या मुलाच्या तोंडचे साधे वाक्य वस्तुस्थितीचे निवेदनही होते आणि स्वत्वाचा उच्चारही होता. त्यानंतर शब्दाचा एक अर्थ पाठ्यपुस्तकाने आणि जाहिरातीने नेला, दुसरा अहवालांनी नेला. 'मनुष्याच्या गरजा अमर्याद असतात' हे वाक्य जोवर शाळेत विनातक्रार पाठ केले जाते, तोवर मराठीतही तीच वाटणी चालू आहे असे समजावे लागेल. कोशातील हरवलेला अर्थ परत आणणे कोणाच्याही हाती नसते. परंतु कोणी काही मागत असता, त्याला काय हवे आहे आणि त्याला काय उणे आहे, हे दोन्ही प्रश्न विचारणे, आणि त्यांतील पहिल्याचे उत्तर त्याच्याच तोंडून घेणे, हे हाती असते. आश्रयगृहाच्या त्या जेवणघरात हेच घडले नाही.